नांगराविना भाजीपाला: पहिल्या दहा गुंठ्यांची सुरुवात

लावणीनंतर विसाव्या दिवसाच्या आसपास फोन येतो. दरवर्षी, कुणा ना कुणाचा. "दादा, शेजारच्या रानातला टोमॅटो गुडघ्याला लागायला आला, माझा अजून वीतभरच. रोटर मारून घ्यायला हवा होता का?" मी विचारतो, पानं पिवळी पडलीत की रोप नुसतंच लहान आहे? पिवळी असतील तर नत्र कमी पडलंय, आज संध्याकाळीच द्या. हिरवीगार असून लहान असतील तर काही करू नका, तीन आठवड्यांनी फोन करा. बहुतेकांचा तो दुसरा फोन येतच नाही, कारण तोवर त्यांची बांबू-तार बांधायची धांदल सुरू झालेली असते.

कमी मशागतीतलं पीक उशिरा उठतं आणि उशिरापर्यंत टिकतं. एवढं ध्यानात असलं की विसाव्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला बोलवावंसं वाटत नाही. पुढं लिहिलंय ते पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी आहे, आणि तेही दहा गुंठ्यांपुरतं. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त रान अडकवू नका.

म्हणजे नक्की काय करायचं

"विना नांगरणी" म्हटलं की काहींना वाटतं रान आहे तसं सोडायचं आणि रोपं खोचायची. त्याला आमच्याकडं पडीक म्हणतात. माती कमीत कमी हलवायची, ती उघडी ठेवायची नाही आणि त्याच जागी तेच पीक घ्यायचं नाही, या तिन्ही गोष्टी एकदम कराव्या लागतात. जगभरातल्या 610 अभ्यासांचे आकडे एकत्र करून 2015 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक लेख छापून आला होता. बहुतेक आकडे धान्यपिकांचे होते. नांगरणी बंद केली की सगळे अभ्यास मिळून उत्पादन सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास घटतं, असं त्यात निघालं. जिथं पिकाचे अवशेष रानातच ठेवले आणि फेरपालट केली तिथं ही तूट कमी झाली, आणि कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात तर उत्पादन नांगरलेल्या रानापेक्षा वाढलं. नांगर थांबवणं हे अर्धंच काम आहे हे यातून कळतं.

आपल्याकडं ही वाट नवी नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर भात आणि त्याच वाफ्यांवर पाठोपाठ वाल, हरभरा, भाजीपाला घ्यायची पद्धत बसवली. कोल्हापूरकडं प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं बिननांगरणीची शेती सांगत आले आहेत. पण भाजीपाल्याची रोपं नाजूक आणि त्यांचा हंगाम आखूड. म्हणून नवख्या माणसानं एकदम शून्यावर न येता पट्ट्यापुरती मशागत करावी, असं माझं मत आहे. ज्या ओळीत रोप लावायचं तेवढी वीतभर रुंदीची पट्टी खुरप्यानं किंवा कुदळीनं मोकळी करायची, बाकी बेडला, म्हणजे गादीवाफ्याला, हात लावायचा नाही.

रोप असं का वागतं

नांगरलेल्या मातीत हवा घुसते, शेणखत आणि जुन्या मुळ्या झपाट्यानं कुजतात आणि त्यातलं नत्र एकदम मोकळं होतं. रोपाला पहिल्या महिन्यात आयतं ताट वाढून मिळतं, म्हणून ते भराभर उठतं. हे ताट मातीतल्या सेंद्रिय कर्बातून वाढलेलं असतं. माती परीक्षणाच्या अहवालात कर्ब 0.4 टक्क्याच्या खाली दिसला तर तो कुठं गेला याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

न हलवलेल्या, वरून झाकलेल्या मातीत हे होत नाही. आच्छादनाखालची माती थंड राहते आणि वर पसरलेला काडीकचरा कुजवणारे जिवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतलं नत्र उचलतात. काडी जितकी वाळलेली आणि पिवळी, तितकं ते जास्त नत्र मागतात. गव्हाच्या काडात साधारण 80 भाग कर्बाला एक भाग नत्र असतं, उसाच्या पाचटात नत्र त्याहूनही कमी. कोवळ्या तागात मात्र वीस-पंचवीस भागांना एक. पहिल्या महिन्यात रोप मागं राहतं त्याची ही दोन कारणं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून गणित उलटतं. आधीच्या पिकाची मुळं कुजून उरलेल्या नळ्या, गांडुळांची भोकं, मातीत पसरलेलं बुरशीचं जाळं, या सगळ्या वाटा नांगरानं मोडलेल्या नसतात. नवी मुळं त्याच वाटांनी खाली उतरतात. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांना चिकटून लांबवरचं स्फुरद आणून देते, तिचं जाळं दरवर्षी नव्यानं विणावं लागत नाही. यात एक मेख आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कांदा, घेवडा यांचं या बुरशीशी जमतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक आणि बीट यांची तिच्याशी सोयरिक नाही. म्हणून कोबीवर्गातल्या पिकात सुरुवातीचा रुसवा जास्त दिसतो आणि तो फक्त नत्रानंच काढावा लागतो.

फायदा सगळ्यात ठळक दिसतो तो फळांच्या वेळी. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो रोग नसतो. पाण्याची ओढाताण झाली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, त्याचा तो परिणाम. झाकलेल्या बेडमध्ये ओल एकसारखी राहते, त्यामुळं हा डाग आणि फळ तडकणं दोन्ही कमी होतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात मिरचीची फुलगळही आवरते, कारण मुळाजवळची माती तापत नाही. त्याच थंडाव्याचा डिसेंबर-जानेवारीत तोटा होतो. कडाक्याच्या थंडीत लावलेली रोपं जाड आच्छादनाखाली हलायचं नाव घेत नाहीत. तेव्हा आच्छादन रोपापासून वीतभर मागं ओढा, ऊन मातीला लागू द्या.

पायरी पहिली: दोन खड्डे खणा (मे महिना)

एक खड्डा रानात, दुसरा बांधावर, जिथं वर्षानुवर्षं नांगर गेला नाही तिथं. दोन्ही हातभर खोल. आता बघा. बांधावरची माती हातात घेतली की वाटाण्याएवढ्या कणांत सुटते, तिच्यात बारीक मुळ्या आणि भोकं असतात. रानातल्या खड्ड्याच्या भिंतीवर खुरप्याचं टोक वरून खाली ओढत न्या. सहा-आठ इंचांवर टोक एकदम अडखळतं आणि खर्र असा आवाज येतो. तो नांगर-रोटरनं दाबून बनवलेला कठीण थर. तिथं मुळ्या खाली जायच्या सोडून आडव्या वळलेल्या दिसतील.

मग दोन्ही तोंडं कापलेला तेलाचा डबा बोटभर ठोकून बसवा, लिटरभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. दोन्ही जागी. जो फरक दिसेल तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात उपयोगी पडेल.

कठीण थर असेल तर तो न फोडता ही पद्धत सुरू करू नका. माझ्या मते नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. माती दगड झालेली, तिच्यावर पालापाचोळा पसरला आणि "निसर्ग बघून घेईल" म्हणून बसले. तो बघेलही, पण त्याला वेळ लागतो आणि तुम्हाला पोरांची फी भरायची असते. कोरड्या रानात एकदा सबसॉयलर फिरवून घ्या. तो माती पलटत नाही, खोल चिरतो. खोल काळं रान असेल तर काम थोडं सोपं, कारण उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती स्वतःच स्वतःला बरीचशी नांगरते. मुरमाड, हलक्या रानात भेगा पडत नाहीत, तिथं सगळी भिस्त मुळांवर आणि आच्छादनावर.

पायरी दुसरी: हराळी आणि लव्हाळा

हे दोन पाहुणे रानात असतील तर आधी त्यांची पाठवणी. हराळीच्या काश्या मे महिन्यात कुदळीनं खणून, वेचून, उन्हात वाळवून जाळा. दहा गुंठ्यांत हे होतं, एकरात दमछाक होते. लव्हाळ्यावर रोटर मारणं म्हणजे बी पेरणं, एकेका गाठीचे चार तुकडे होऊन चारी उगवतात. रान ओलवून पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवलं तर एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या थरातलं तणाचं बी बरंचसं भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र त्यालाही पुरून उरतात, त्या पुढं खुरप्यानंच.

ग्लायफोसेट हे तणनाशक मारा असा सल्ला दुकानात मिळेल. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच (पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच) करायचं बंधन घातलं. आणि दहा गुंठ्यांत, भाजीच्या रानात, मला त्याची गरज कधी वाटली नाही.

पायरी तिसरी: शेवटची मशागत

एकदाच, नीट. पूर्ण कुजलेलं शेणखत पसरा. स्फुरदाची कमतरता असेल तर तेही आत्ताच मिसळा, कारण स्फुरद पाण्याबरोबर खाली सरकत नाही आणि पुढं मिसळायची संधी मिळणार नाही. मग साडेचार फुटांवर बेड पाडा, वरची रुंदी अडीच-तीन फूट, उंची सहा ते नऊ इंच. पाणी साचणाऱ्या रानात उंची जास्त ठेवा. हे बेड आता कायमचे. माणूस, बैल, ट्रॅक्टरचं चाक, सगळं सरीतून. बेडवर एकदा पाय दिला की तिथली माती किती दाबते ते पावसानंतर त्या पायाच्या ठशात साचलेलं पाणी दाखवतं.

पायरी चौथी: ताग

पहिल्या चांगल्या पावसावर दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो ताग बेडवर फोका आणि दाताळ्यानं हलकं झाका. दाट आला की तण वर येत नाही. हिरवळीच्या खतासाठी ताग चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, फुलं दिसू लागली की गाडतात. आपल्याला तो गाडायचा नाही, पांघरायचा आहे. म्हणून आठवडा-दहा दिवस जास्त उभा राहू द्या, खोड जरा राठ होतं आणि आच्छादन लवकर विरत नाही. बी धरू देऊ नका. मग विळ्यानं किंवा ब्रश कटरनं जमिनीलगत कापून जागच्या जागी आडवा करा. मुळं मातीतच. त्याच मुळ्या कुजून टोमॅटोच्या वाटा होणार आहेत.

आडवा केलेला ताग पहिल्या दिवशी हातभर उंच दिसतो आणि आठवड्यानं चार बोटं उरतो. माती दिसायला लागली तर सोयाबीनचं भुसकट, गवत, उसाचं पाचट, जे जवळ असेल ते वर टाका. पाचट टाकायचं तर सगळ्यात वर, मातीत मिसळू नका. मिसळलं तर नत्राची ओढ कैक पटीनं वाढते.

पायरी पाचवी: लावण

कापणीनंतर दोन आठवडे जाऊ द्या. ठिबकची लॅटरल (नळी) आच्छादनाखाली असू द्या, वर नको. बेड आदल्या दिवशी भिजवा, वाफसा आला की आच्छादन बाजूला सारून वीतभर पट्टी मोकळी करा. पट्टीच्या मधोमध रोपाच्या गड्ड्याएवढं भोक, त्यात मूठभर चाळलेलं गांडूळ खत. गड्डा भोकात घट्ट बसला पाहिजे. भोवती पोकळी राहिली तर मुळं हवेत लटकतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. ट्रेमधली रोपं चांगली कणखर करून घ्या, दोन-चार दिवस जास्त झालेली चालतील, कोवळी नकोत.

पहिल्या वर्षी टोमॅटो, मिरची, वांगी, किंवा टोकून लावायची भेंडी, घेवडा, काकडी, दोडका. मोठं बी आणि तयार रोप, दोघंही आच्छादनातून डोकं काढतात. मेथी, कोथिंबीर, पालक यांचं बी दाट पेरावं लागतं, त्यांना उघडी, बारीक माती हवी. गाजर-मुळा तर दोन वर्षं नकोच. खाली कुठं घट्टपणा राहिला असेल तर गाजराला दोन-तीन पाय फुटतात आणि बाजारात कुणी विचारत नाही. कांद्याची रोपं लावता येतात, पण ओळी इतक्या जवळ की आच्छादन सांभाळताना जीव जातो. बटाटा आणि आलं काढताना माती उकरावीच लागते, म्हणून ती पिकं या बेडवर नकोत.

पायरी सहावी: पहिले पाच आठवडे

खरी परीक्षा इथं आहे. एकूण नत्र वाढवायचं नाही, फक्त त्याचा मोठा हिस्सा अलीकडं ओढायचा. माती परीक्षणानुसार जेवढं द्यायचं ठरलंय त्यातलं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ठिबकमधून थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा सोडा. सेंद्रिय करणाऱ्यांनी शेणस्लरी पातळ करून रोपाच्या बुडाशी घालावी. खालची जुनी पानं फिकट होत चालली तर नत्र. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलंय, चुनखडीच्या रानात हे हमखास दिसतं, तिथं युरिया ओतून काही होत नाही.

पाणी बेतानं द्या. आच्छादनाखालून बाष्पीभवन कमी होतं, पण हात सवयीनं नेहमीइतकाच कॉक उघडतो. मग मातीत हवा राहत नाही आणि आधीच हळू असलेलं रोप बसकण मारतं. रोज सकाळी तीन ठिकाणी आच्छादन उचलून मूठभर माती दाबा. चेंडू होऊन बोटानं ढकलल्यावर फुटला तर वाफसा आहे, त्या दिवशी पाणी नको.

आणि आच्छादन खोडाला भिडू देऊ नका. माझ्या पहिल्या वर्षीची मिरची मी मोठ्या मायेनं गळ्यापर्यंत पांघरली होती. ऑगस्टअखेर चार दिवस झड लागली आणि उघडीप पडल्यावर एकेक झाड कोमेजायला लागलं. मला वाटलं पाणी जास्त झालं. एक झाड उपटून बघितलं तर जमिनीलगतच्या खोडाभोवती कापसाचे पांढरे धागे गुंडाळल्यासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. एका बेडवरची निम्मी झाडं गेली. ते दाणे मातीत कित्येक महिने टिकतात, म्हणून झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह उचलून रानाबाहेर न्यायचं. तेव्हापासून प्रत्येक खोडाभोवती चार बोटं मोकळं आळं ठेवतो आणि लावणीच्याच वेळी शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) घालतो.

तण या पाच आठवड्यांत आठवड्यातून एकदा, हातानं. उपटू नका, खुरप्यानं मातीखाली कापा, नाहीतर माती उकरली जाऊन खालचं बी वर येतं. तणाला बी धरू दिलं नाही तर दोन-तीन वर्षांत खुरपणीचे रोज निम्म्यावर येतात. एकदा जरी बी गळलं तरी गणित पहिल्यापासून.

नांगर करत होता ती कामं आता कोण करणार

उन्हाळी नांगरट हुमणीच्या अळ्या उघड्यावर आणते आणि बगळे-कावळे त्या टिपतात. ते काम आता अळीचा भुंगेरा होऊन बाहेर येतो त्या वेळीच करायला हवं. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे बांधावरच्या कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका, गावानं मिळून केलं तर उत्तम. फळमाशीचे कोषही मातीतच असतात. काकडी-दोडक्यात डंख मारलेली फळं रोज वेचून खोल पुरा आणि क्यू-ल्यूरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे फुलोऱ्यापासूनच लावा. पावसाळ्यात आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं पसरून ठेवा, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा, मीठ रानात टाकू नका.

उंदीर आच्छादनाच्या आडोशाला येतात, लॅटरल कुरतडतात. उंदरामागं घोणस येते. आच्छादन उचलताना आधी काठी, मग हात. पायात गमबूट. यावर माझ्या घरात तरी वाद चालत नाही.

पीक निघाल्यावर

झाडं उपटू नका. जमिनीच्या बोटभर खाली कोयत्यानं कापा. वांगं आणि कोबी वर कापले तर पुन्हा फुटतात आणि किडींना बिनमोसमी घर मिळतं. करपा, बोकड्या किंवा मर झालेली झाडं आच्छादनात टाकू नका, ती रानाबाहेर. त्या बेडवर पुढं टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा यातलं काहीच नको. चवळी किंवा घेवडा घ्या. सूत्रकृमीच्या गाठी मुळांवर दिसल्या असतील तर झेंडू.

मे महिन्यात पुन्हा तोच डबा, तेच घड्याळ, तीच वही.

एक शेवटची तजवीज. बेडच्या चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. तिसऱ्या वर्षी मी लग्नाला परगावी गेलो होतो. थोरल्या भावानं शेजारचं रान करायला ट्रॅक्टर बोलावला, ड्रायव्हर नवीन होता, आणि त्यानं माझे सहाही बेड "राहिलेले दिसले म्हणून" फुकटात रोटर मारून दिले.